एकटीचा व्हिसा

आमच्या घरातली सगळी मुलं थोरल्या भावजींच्या नावावर होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते एवढ्यातूनच झालं.

गाव कराडपासून बैलगाडीच्या अंतरावर, कृष्णेच्या काठाला. सासरे लवकर गेले, तेव्हा माझे पती पाळण्यात होते. त्यांना वाढवलं ते थोरल्या भावजींनी, म्हणजे त्यांच्या सगळ्यात मोठ्या भावानं. पलटणीत भरती होऊन, हवालदार होऊन, पेन्शनीवर घरी येऊन भावजींनी धाकट्या भावाला आधी कराडला आणि मग पुण्याच्या कॉलेजात शिकवलं. थोरल्या जाऊबाई घरच्या मालकीण. त्यांना दोन मुली. शिवाय नणंदेची, चुलत्यांची, शिकायला म्हणून येऊन राहिलेली अशी मुलं घरात कायम असायची. साखर-रॉकेलच्या कार्डावर, शाळेच्या पटावर, देवी काढायला, म्हणजे लस टोचायला येणाऱ्याच्या वहीत, जिथं मुलाच्या बापाचं नाव विचारतील तिथं भावजींचं नाव जायचं. कुणाला त्यात चुकीचं वाटत नव्हतं. बेचाळीसनंतरच्या दिवसांत तर ते सोयीचंही झालं. तेव्हा पोलीस भूमिगतांच्या शोधात गावोगाव फिरायचे आणि कुणाचा कोण हे त्यांना जितकं कमी कळेल तितकं बरं असायचं. "समदी माजी," एवढं भावजी म्हणायचे. हवालदाराच्या घरात पोलीस जास्त खोदत बसायचे नाहीत.

मुलं भावजींना आबा म्हणायची, जाऊबाईंना आई म्हणायची आणि मला काकी. माझा मुलगा झाला, बोलायला लागला, तोही तेच म्हणायला लागला. कानावर जे पडतं ते मूल बोलतं. मला काकी म्हणणाऱ्यांत एकाची भर पडली, एवढंच. आमच्यात आणखी एक रीत होती. वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं मूल उचलून घ्यायचं नाही. माझ्या पतींनी, ज्यांना मी पुढं नुसतं 'हे' म्हणेन, मुलाला उजेडात कधी मांडीवर घेतलेलं मी पाहिलं नाही. पुतण्यांना घ्यायचे.

लढाई संपली त्यानंतरच्या वर्षी ह्यांना अमेरिकेत शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळाली. साखरेच्या धंद्याचं शास्त्र शिकायचं, असं ठरलं. पासपोर्टसाठी घरी चौकशी होणार होती. फौजदार आले तेव्हा मी माजघरात दाराआड पीठ मळत होते आणि जाऊबाई जात्यापाशी बसल्या होत्या. ओसरीवरचं सगळं ऐकू येत होतं.

फौजदारांनी जमिनीचं, भावांचं विचारलं. मग म्हणाले, "मुलं कुणाची कोण?"

"समदी माजी. लिवा माज्या नावावर."

"हे लहानगंही?"

माझा मुलगा तेव्हा भावजींच्या पाठीवर चढून त्यांच्या पटक्याचा शेव ओढत होता.

"त्यो बी माजाच."

"या वयात, हवालदार?"

"मिलिटरीतला माणूस हाय मी, सायेब."

ओसरीवर हशा झाला. जाऊबाईंनी पदर तोंडात धरला. "मेल्यांना लाज न्हाई," म्हणाल्या आणि हसत राहिल्या. मीही हसले.

मग फौजदार ह्यांच्याकडे वळले. "आणि तुम्हाला मूलबाळ?"

हे बोलले नाहीत. भावासमोर 'हे मूल माझं' असं तोंडातून निघणं ह्यांना शक्यच नव्हतं. भावजीच म्हणाले, "त्येचं काल तर लगीन झालंय."

फौजदारांनी ते तसंच लिहून घेतलं. चहा घेतला आणि गेले. भावजींनी त्या दिवशी पोलिसांना घरापासून लांब ठेवण्याचं आपलं नेहमीचं काम नीट केलं होतं.

हे मुंबईला गेले. अमेरिकेच्या वकिलातीत ह्यांना पुन्हा विचारलं, बायको आहे का, मुलं आहेत का. पोलिसांच्या कागदावर एक आणि तोंडी दुसरं सांगितलं तर सगळं अडकेल, जहाज चुकेल, म्हणून कागदावर होतं तेच ह्यांनी सांगितलं. बायको आहे, मूल नाही. आल्यावर निस्तरता येईल असं त्यांना वाटलं. असं का सांगितलं, ते मला फार नंतर पत्रातून कळलं.

पहिलं वर्ष पत्रांवर गेलं. पत्रं यायची ती आधी भावजींच्या नावानं, सगळ्यांसाठी. आत घडी घालून माझ्यासाठी वेगळा कागद असायचा. ओसरीवरच्या पत्रात बर्फ, दूध, यंत्रं. माझ्या कागदात दुसरंच. हे लिहायचे, आपला मुलगा काय करतो, आपला मुलगा किती उंच झाला, नदीकडं एकटा जाऊ देऊ नकोस. घरात असताना हा शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. हजारो मैलांवर जाऊन ह्यांना तो लिहिता आला.

दुसऱ्या वर्षी, देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यानंतर, पत्र आलं की मुलाला घेऊन ये. लढाईवरून परतलेले तिथले शिपाई आता कॉलेजात शिकत होते आणि त्यांच्या संसारासाठी कॉलेजानं पत्र्याच्या बराकी उभ्या केल्या होत्या. लग्न झालेल्या परदेशी विद्यार्थ्यालाही त्यातली एक मिळत होती. शेजारच्या बराकीतली मुलं दारावर येतात, पायरीवर बसतात, असं ह्यांनी लिहिलं होतं. त्यांतल्या एकाला ह्यांनी हाताला धरून रस्ता ओलांडून दिला होता, तेही लिहिलं होतं.

भावजींना बराकी पसंत पडल्या. "बराक म्हंजे फस्कलास. मी ऱ्हायलोय. वारा लागत न्हाई." मला ते थेट बोलत नसत, मी त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घेऊन दाराशी उभी राहायची आणि ते जाऊबाईंकडं बघून बोलायचे. "धाकटीला म्हणावं, तयारीला लाग. पोराला बी न्हे म्हणावं. बाप तितं, पोरगं हितं, आसं कशाला?"

मी तयारीला लागले. मला लहानपणापासून याद्या करायची सवय. माझे वडील सांगली संस्थानात शाळामास्तर होते. ते पाटीवर दिवसाची कामं लिहायचे आणि झालं काम पुसायचे. मी कागद वापरते आणि खोडते. त्या वेळची यादी मला आजही पाठ आहे. फोटो. पासपोर्ट. कॉलेजचं पत्र. देवीच्या लशीचा दाखला. लग्नाचा दाखला. मुलाच्या जन्माचा दाखला. लोकरीचे कपडे. तिखट, हळद, मेतकूट. मुलासाठी बूट.

मेतकूट आणि बूट आधी झाले. फोटो कराडला काढला. फोटोवाल्यानं काळं फडकं डोक्यावर घेतलं तसा मुलगा घाबरला आणि माझ्या कडेवरून जाऊबाईंकडं झेपावला. फोटोत तो त्यांच्याकडं बघतोय, त्या मात्र फोटोत नाहीत. लग्नाच्या दाखल्याचं वडिलांनी बघितलं, भटजींची आणि पाटलांची लेखी साक्ष आणली. माझा पासपोर्ट आला. मुलाच्या जन्माचा दाखला मात्र कुठंच नव्हता.

पहिलं बाळंतपण माहेरी, तसं माझंही. माहेरचं गाव सांगलीपासून जवळ. पण मी बाळंत झाले तेव्हा गावात उंदीर पडायला लागले होते आणि प्लेगच्या भीतीनं सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं होतं. माझा मुलगा माळावर, कडब्याच्या झोपडीत जन्मला. गावात तेव्हा जन्माची नोंद करायला कुणी बसलेलं नव्हतं आणि नंतर कुणाला आठवण राहिली नाही. देवी काढणाऱ्याच्या वहीत नोंद होती, त्यात बापाचं नाव भावजींचं.

"न्हाई दाखला तर न्हाई," जाऊबाई म्हणाल्या. "पोरगं डोळ्यांनी दिसतंय का न्हाई त्यास्नी? नाक बघा म्हणावं, बापाचं हाय."

मलाही तसंच वाटलं. आई आणि मूल समोर उभी राहिल्यावर कोण काय विचारणार?

मुंबईला वडील बरोबर आले. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, बोलायला धीर व्हायचा नाही. मुलगा चार वर्षांचा होत आला होता. नव्या बुटांनी त्याची बोटं दुखत होती, म्हणून वकिलातीच्या जिन्यापर्यंत मी त्याला कडेवर नेलं आणि आत जाताना बूट घातले.

साहेब वयानं लहान होता, आणि चांगला होता. हे मी मुद्दाम लिहिते. त्यानं उठून मला खुर्ची दिली. बोलणं एका मराठी कारकुनाच्या मार्फत चाललं. माझे कागद त्यानं बघितले आणि मान हलवली. मग ह्यांची जुनी फाइल काढली आणि कारकुनाला काहीतरी दाखवलं.

"बाई, यजमानांनी मूल नाही असं सांगितलंय. पोलिसांच्या चौकशीतही तसंच आहे. हा मुलगा त्यांच्या थोरल्या भावाचा आहे असं लिहिलंय."

मी सांगितलं, आमच्यात तशी रीत आहे. घराचा कर्ता असतो त्याच्या नावावर मुलं असतात. वडिलांनीही सांगितलं. कारकुनाला समजलं, तो कोकणातला होता, त्याच्या मामांच्या घरीही तसंच होतं असं तो म्हणाला. त्यानं साहेबाला बराच वेळ समजावलं. साहेबानं ऐकून घेतलं. मग टेबलाच्या खणातून एक संत्रं काढून मुलापुढं धरलं आणि कारकुनाला म्हणाला, मुलालाच विचारा.

कारकून गुडघ्यावर बसला. "काय रे बाळ, ही कोण?"

"काकी."

वडील चटकन म्हणाले, "अरे, आई ना ती तुझी?"

मुलानं त्यांच्याकडं बघितलं. त्याला वाटलं आजोबा चेष्टा करतायत. तो हसला.

"मग आई कुठंय तुझी?" कारकुनानं विचारलं.

"घरी हाय. म्हशीला वैरण घालतीया."

"आणि वडील?"

"आबा व्हय? आबा बी घरी हायती."

त्यानं सगळं खरं सांगितलं होतं. कारकून उठला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. साहेबाला भाषांतर करून सांगताना त्याचा आवाज खाली गेला होता. साहेबानं संत्रं मुलाच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, माझा अर्ज ठीक आहे. मुलाचा ठेवून घेतो. ज्यांच्या नावावर मूल आहे त्यांनी मॅजिस्ट्रेटपुढं शपथेवर लिहून दिलं तर पुन्हा विचार करता येईल.

जिन्यात वडील बसले. मी त्यांना म्हणाले, उठा, गाडी चुकेल. मुलानं संत्रं सोलून मागितलं. ते मी गाडीत सोललं.

घरी येऊन सांगायचं कसं, हा विचार मला कराडपर्यंत पुरला. शेवटी मी जाऊबाईंना सगळं सरळ सांगितलं आणि त्यांनी भावजींना. भावजी ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिले. मग थांबून म्हणाले, "म्हंजी मी लिवून द्यायचं, पोरगं माजं न्हाई म्हनून?"

जाऊबाई म्हणाल्या, "व्हय."

"फौजदाराला मीच सांगितलं हुतं. तवा मीच निस्तरायला पायजे." आणि मग पुन्हा येरझाऱ्या घालत, "धाकट्याला तोंड नव्हतं काय तवा बोलायला?"

ह्याचं उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाही.

साताऱ्याला आम्ही कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं गेलो. आई म्हणून मलाही सही करायची होती. भावजी पलटणीतला कोट घालून, पदकं लावून आले होते. कचेरीच्या व्हरांड्यात अर्ज लिहिणाऱ्यानं मजकूर लिहिला आणि वाचून दाखवला. सदर मुलगा माझ्यापासून झालेला नाही. सदर मुलाशी माझे पित्याचे नाते नाही. सदर मुलावर माझा अथवा माझ्या पत्नीचा कोणताही हक्क नाही व राहणार नाही.

भावजी म्हणाले, "एकदा 'न्हाई' लिवलं की बास की. तीनतीनदा कशाला?"

"कायद्याची भाषा आहे, हवालदारसाहेब. पक्कं लिहिलं तर तिकडं मानतील."

"आन् बायकूचं कशाला घातलं मदी?"

"मुलगा त्यांना आई म्हणतो ना? मग त्यांचंही लिहायला पाहिजे."

मॅजिस्ट्रेटपुढं भावजी सावधान उभे राहिले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. सही मोडीत केली. बाहेर आल्यावर ते कुठंतरी गेले आणि मोटार सुटायच्या वेळी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. आमच्या दोघांच्या मधल्या जागेवर तो ठेवला. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ते मला उद्देशून बोलले. बघत मात्र रस्त्याकडंच होते.

"तुमच्या पोराला द्या."

एरवी पुडा तेच घरात घेऊन जायचे आणि माझा मुलगा त्यांच्या खिशात हात घालायचा.

त्या दिवशी संध्याकाळी मुलगा नेहमीप्रमाणं जाऊबाईंच्या ताटाशी जाऊन बसला. तो त्यांच्याच ताटात जेवायचा, त्या भाकरी दुधात कुस्करून द्यायच्या. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"तुज्या आईकडं जा."

तो हसला आणि पुढं सरकला.

"मी न्हाई तुजी आई. ती बग तुजी आई. सरकारात लिवलंय."

"ती काकी हाय," तो म्हणाला.

जाऊबाई ताट तसंच टाकून उठल्या. मी त्यांच्या मागं गोठ्यात गेले. मला वाटलं, रागावल्या असतील तर पाय धरीन. त्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"धाकटे, तुज्यावर राग न्हाई माजा. त्यो जानार हाय. आता तोडला न्हाई तर त्येलाच तितं जड जाईल. रातच्याला माज्या नावानं रडला तर तू काय करशील परक्या मुलखात?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या नेहमी पुढचं बघून काम करायच्या, मी पुष्कळ गोष्टी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांनी मुलाला आपल्या अंथरुणातून काढलं. अंघोळ घालायची बंद केली. तो पदर धरायला गेला की हात सोडवायच्या, हळूच, पण सोडवायच्या. दोन्ही मुलींनाही ताकीद दिली, ह्याला मला आई म्हणू द्यायचं नाही.

आणि मी शिकवायला लागले. पुन्हा मुंबईला बोलावणं येईल, पुन्हा साहेब विचारील, त्याची तयारी. दळताना, निवडताना, ओढ्यावर धुणं धुताना मी विचारायची, "मी कोण?" तो गप्प बसायचा. गूळ दिला की म्हणायचा, "आई." नंतर गुळाशिवाय म्हणायला लागला. आळीतल्या बायकांना ती करमणूक झाली. रस्त्यात त्याला अडवून विचारायच्या, "काय रं गड्या, ही कोन तुजी?" आणि तो हात मागं बांधून, शाळेत म्हणतात तशा चालीवर म्हणायचा, "ही माझी आई. खरी आई." बायका हसायच्या. एकदा एकीनं विचारलं, "आन् हवालदारीनबाई कोन?" त्यानं माझ्याकडं बघितलं. हा प्रश्न मी शिकवला नव्हता.

"कुनी न्हाई," तो म्हणाला.

जाऊबाई त्या वेळी तिथंच होत्या, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन.

गावात दुसरंच बोलणं सुरू झालं होतं. हवालदार साताऱ्याला कचेरीत जाऊन आले, धाकट्याच्या पोराचा संबंध लिहून तोडला, म्हणजे वाटणी होणार. पारावर भावजींना कुणीतरी तोंडावर विचारलं, "काय आबा, वायलं निघालं म्हनं धाकटं?" भावजींनी त्यानंतर पारावर बसायचं सोडलं. मी त्यांना पहिल्यांदाच दिवसा घरात बसलेलं बघितलं.

उत्तर टपालानं आलं. बोलावणं नव्हतंच. वडिलांनी ते सांगलीहून येऊन मला वाचून दाखवलं. दोन वेळा शपथेवर दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या गेल्या आहेत. पहिली सांगितली तेव्हा मुलाला नेण्याचा प्रश्न नव्हता. दुसरी सांगितली तेव्हा होता. जन्माची नोंद नाही. सबब मुलाचा अर्ज मंजूर करता येत नाही. पत्नीचा व्हिसा तयार आहे, मुदतीच्या आत घेऊन जावा.

फौजदारांना भावजींनी शपथ घेऊन काही सांगितलं नव्हतं, चहा पिताना सांगितलं होतं. मी वडिलांना तसं म्हणाले. वडील म्हणाले, "हो. पण ते कुणाला लिहून कळवणार आपण?" तरी त्यांनी लिहिलं. ह्यांनीही तिकडून, कॉलेजातल्या प्राध्यापकांची शिफारस जोडून लिहिलं. उत्तरं आली, सगळी सभ्य होती.

घरात बैठक बसली. म्हणजे भावजी ओसरीवर, जाऊबाई उंबऱ्यात आणि मी आत.

"धाकटीनं जावं," भावजी म्हणाले. "तिकडं त्यो एकटा हाय. नवरा एकटा ऱ्हायला की बिगडतो, मी पलटनीत लय बगितल्यात. पोरगं हितं ऱ्हाईल. काय आनाथ हाय का?"

जाऊबाईंनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. "जा तू. मी बगते त्येला."

मी व्हिसा घेतला. मुंबईला मुलाशिवाय, वडिलांबरोबर जाऊन शिक्का मारून आणला, जहाजाची जागा धरली. करायचं ते सगळं मी केलं. मुलाचे बूट पेटीतून काढले आणि त्या जागेत ह्यांच्यासाठी लोणच्याची बरणी बसवली. जायला थोडे दिवस राहिले तेव्हा जाऊबाईंनी मुलाला पुन्हा जवळ घ्यायला सुरुवात केली. दूधभाकरी कुस्करली, ताट पुढं ओढलं आणि त्याला हाक मारली.

तो आला नाही. खांबाला धरून उभा राहिला.

"ये की रं," त्या म्हणाल्या. "ये माज्या सोन्या."

तो माझ्याकडं बघत होता, काय उत्तर द्यायचं ते मी सांगावं म्हणून. मी म्हणाले, जा, आईकडं जा. तो जागचा हलला नाही. इतके दिवस आम्ही दोघींनी मिळून त्याला जे शिकवलं होतं, ते त्याला नीट येत होतं. जाऊबाईंनी ताटावरून हात काढून घेतला. त्याच्याजवळ जाऊन त्यांनी त्याला उचललं, तर त्यानं अंग ताठ केलं आणि नव्या पाहुण्याच्या कडेवर मूल बसतं तसा बसला. त्यांनी त्याला खाली ठेवलं.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं आता हे."

त्याआधी त्यांना कुठलीही गोष्ट जमत नाही असं म्हणताना मी ऐकलं नव्हतं.

आठवडाभर मी सगळ्या बाजूंनी विचार केला. मी गेले तर त्याच्यापाशी कोण राहतं, याचं उत्तर काही महिन्यांपूर्वी होतं आणि आता नव्हतं. मी वडिलांना निरोप पाठवला की जागा सोडून द्या. भावजींना जाऊबाईंनी सांगितलं. बोटीवर माझ्या नावाच्या जागेवर दुसरं कुणीतरी गेलं असेल. मुदत संपली तसा तो शिक्का नुसता शिक्का राहिला.

ह्यांना मी तार केली आणि मग पत्र लिहिलं, सगळं क्रमानं. ह्यांचं उत्तर आलं ते ओसरीवरच्या पत्रासारखं होतं. आत वेगळा कागद नव्हता. पुढच्या पत्रात होता, पण लहान. बराक त्यांनी परत केली होती. परत यायची घाई करण्यासारखं आता काही नाही, मग पुढची पदवी पुरी करूनच येतो, असं लिहिलं होतं. ते बरोबरच होतं. मी तसंच कळवलं.

दोन वर्षांत घराची वाटणी झाली. भांडण झालं नाही. गाव बोलत होतं ते होऊन बसलं एवढंच. भावजींनीच मधे भिंत घालून घेतली आणि पलीकडच्या दोन खोल्या, गोठ्याचा कोपरा आणि विहिरीचं अर्धं पाणी आम्हाला दिलं. भिंतीत त्यांनी दार ठेवलं होतं. आम्ही दोघीही ते वापरायचो, मुलगाही जायचा, पण जाताना विचारून जायचा. जाऊबाईंना तो पुढं बाई म्हणायला लागला. मला आई म्हणायचा. लोकांसमोर म्हणताना अजून त्याचे हात मागं जायचे.

हे आले तेव्हा मुलगा मराठी चौथीत होता. मी चार दिवस घर सारवत होते. कराड स्टेशनवर बैलगाडी पाठवली, भावजी स्वतः हाकत गेले. ह्यांना उतरताना बघून मुलानं वाकून नमस्कार केला, कुणी न सांगता. ह्यांनी त्याला दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला, भावजींच्या देखत, भर अंगणात. एवढा मोठा मुलगा उचलला गेला नाही. भावजींनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

जेवणं झाली. आणलेल्या वस्तू दाखवून झाल्या. मुलगा बापासमोर मांडी घालून बसला होता आणि विचारलं तेवढ्याची उत्तरं देत होता. मग त्यानं स्वतःहून एक प्रश्न विचारला.

"तुमी परत कवा जानार?"

"आता नाही जाणार," हे म्हणाले. "आता इथंच."

मुलानं थोडा विचार केला. आमच्या दोन खोल्यांकडं बघितलं, आतल्या खोलीतल्या आम्हा मायलेकांच्या अंथरुणाकडं बघितलं.

"मग झोपनार कुटं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उठले. आतली वळकटी, एक उशी आणि नवी सोलापुरी चादर घेतली आणि ह्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं.